नियमानुसार स्वयंपाक

बिरवाडीत उतेकरांच्या घरामागच्या खोलीत मी नऊ वर्षे भाड्याने राहिलो. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो आणि कुटुंब अलिबागला होते. दोन वेळचा डबा उतेकरांकडूनच यायचा. ती चूल रंगूबाई सांभाळायची. २००४ च्या पावसाळ्यात तिने आपल्या थोरल्या दिराचा जो सूड घेतला, तो मी पहिल्या दिवसापासून पाहिला, आणि थोडा खाल्लाही.

रंगूबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. सातवीपर्यंत शिकलेली. घरात सासू येसूबाई, तिला साखरेचा आजार. थोरला दीर रावजी, त्याची बायको काशीबाई, रंगूबाईचा नवरा श्रीपत, धाकटा दीर अनिल, आणि रंगूबाईची मुलगी ऋतिका. तिघे भाऊ आमच्याच कंपनीत, पण वेगवेगळ्या प्लँटवर, म्हणजे तिघांची शिफ्ट कधी एक यायची नाही. एक सकाळी सातला निघे, एक दुपारी तीनला, एक रात्री अकराला, आणि दर आठवड्याला सगळे बदले. काशीबाई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. रंगूबाई स्वतः साडेनऊला अंगणवाडीत मदतनीस म्हणून हजर व्हायची.

एवढ्या धावपळीच्या घरात "आज काय करायचं?" हा प्रश्न तोवर मी एकदाही ऐकला नव्हता. ते का, हे मला फार उशिरा कळले.

दर शनिवारी चार वाजता मी पुढच्या आठवड्याचा शिफ्टचा चार्ट फळ्यावर लावत असे. श्रीपत तो तिघांपुरता एका चिठोऱ्यावर उतरवून घरी न्यायचा. रविवारी दुपारी रंगूबाई ते चिठोरे समोर ठेवून बसायची. फडताळात सात डबे होते, शेजारच्या आयशाबीच्या घरून आलेले, सौदीच्या दुधाच्या पावडरीचे. प्रत्येक वाराला एक. त्या वाराचे कडधान्य, सुकट किंवा डाळ मोजून त्या त्या डब्यात पडायची. श्रीपतचा सोमवार, काशीबाईचा गुरुवार, रावजीचा शनिवार, म्हणून मासळी बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी. चक्की मंगळवारी बंद, म्हणून दळण सोमवारी. पालेभाजी बाजारानंतरच्या दोन दिवसांत संपवायची, दुधी-पडवळ मधल्या दिवसांना, कांदे-बटाटे शेवटाला. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, तेव्हा मिरचीची फोडणी नऊच्या आत उरकलेली. म्हातारीची नाचणीची भाकरी वेगळी.

आम्ही कॉमर्सवाले याला नियोजन म्हणतो. रंगूबाई त्याला काहीच म्हणत नव्हती. त्यामुळे भाजी कधी सडली नाही, कोणी उपाशी कामावर गेले नाही, आणि तेल आणायला, पीठ आणायला म्हणून ऋतिकाला संध्याकाळी अभ्यासातून कोणी उठवले नाही. त्या संध्याकाळींच्या जोरावर पोरगी दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी पास झाली.

निकालानंतरच्या रविवारी तिच्या गणिताच्या उझ्मा मॅडम घरी आल्या. मी ओटीवर पेपर वाचत होतो.

"रावजीभाऊ," मॅडम म्हणाल्या, "गणितात ब्याण्णव आहेत तिला. महाडला अकरावी कॉमर्सला घाला. बारा तारखेपर्यंत प्रवेश आहेत."

"मार्कं बरी हायत मॅडम. पण घरात तीन शिफ्टा. रंगूला सकाळची अंगणवाडी. पोरगी आता घरात हाताशी पाहिजे. दोन-तीन वर्सांत लगीन."

"आईनं आजवर केलंच ना सगळं. घरातल्यांनी थोडंथोडं वाटून घेतलं तर..."

"वाटून काय घ्यायचं? सैपाकाला कसली अक्कल लागते? तांदूळ धुवायचं नि चुलीवर ठेवायचं. सातवीवाली करतेय, ते धावीवाली करील."

रंगूबाई नेमकी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ट्रे खाली ठेवला. मॅडमनी तिच्याकडे पाहिले, तिने कपांकडे. श्रीपत भिंतीला टेकून बसला होता, तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. मॅडम अर्धा कप चहा ठेवून गेल्या.

नंतर माझा डबा भरताना तिने श्रीपतला विचारलेले मी ऐकले. "तुम्ही काय बोललात नाय?"

"दादा बोलतो ते इचार करून बोलतो."

"बरं," ती म्हणाली.

ते "बरं" मला साधे वाटले होते.

त्या घरात एक जुनी रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचे नाही. काही सांगायचे असेल तर जावेमार्फत. लग्न होऊन अठरा वर्षे झाली, तरी रंगूबाई रावजीशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. दोघे एकाच खोलीत असले तरी मध्ये काशीबाई लागायची.

सोमवारी पहाटे रावजी पहिल्या पाळीला निघत होता. रंगूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"जाऊबाय, दादांना इचारा, आज काय करू?"

काशीबाई वेणी घालत होती. "अहो, ती इचारतेय, आज काय करू."

"म्हंजे? रोज करते ते."

"रोज येगळं असतं. कंचं करू, ते इचारा."

"भात-आमटी कर म्हणावं."

"कसली आमटी?"

"तुरीची गो. हे काय चाललंय सकाळी?"

"किती जणांची? आणि कोण कवा जेवणार, ते पण इचारा."

रावजीची बस चुकायची वेळ झाली होती. "सगळ्यांची," तो म्हणाला आणि निघाला.

रंगूबाईने सगळ्यांची भात-आमटी केली. अनिल रात्रपाळी करून आला, त्याला भात खाऊन झोप लागत नाही, त्याला भाकरी लागते. "वैनी, भाकरी?" त्याने विचारले. "भाकरी कोणी सांगितली नाय, भावोजी," ती म्हणाली, आणि आमटी वाढली. श्रीपतचा सोमवार होता. त्याने ताट पाहिले, बायकोच्या तोंडाकडे पाहिले आणि दोन केळी घेऊन दुपारपाळीला गेला. फक्त येसूबाईची नाचणीची भाकरी वेळेवर तिच्या पुढ्यात आली. त्या पंधरवड्यात म्हातारीचे एकदाही चुकले नाही. रंगूबाईच्या रागाला पत्ता होता, आणि श्रीपतचे नावही त्या पत्त्यात होते.

सोमवारी दळण न्यायला कोणी सांगितले नाही. मंगळवारी चक्की बंद आणि पिठाचा डबा रिकामा. बुधवारी रावजी म्हणाला, "मटकीची उसळ कर." तर मटकी भिजवलेली नव्हती. "भिजत घालायला काल सांगाया पायजे होतं म्हणावं," एवढेच रंगूबाई म्हणाली. मग बटाटा. गुरुवारी बटाटा. शुक्रवारी सकाळी निघता निघता रावजी वैतागून म्हणाला, "आज पण बटाटाच कर, आणि उद्याला सुकट कर म्हणावं. उद्याचं आजच सांगून ठेवतो."

उद्या शनिवार होता. रावजी शनिवार धरायचा. दुपारी तीनला पाळी सुटून तो घरी आला तेव्हा घर सुकटीच्या वासाने भरलेले होते आणि साबुदाणा भिजवायला कोणीच सांगितले नव्हते. अनिलने वाटीभर सुकट जास्त घेतली. मीही घेतली, कारण बुधवारपासून माझ्या डब्यात पण बटाटाच होता. रावजी ओटीवर शेंगदाणे खात बसला.

कंपनीत त्याचे हाल निराळे. रावजी युनियनचा पुढारी. जेवणाच्या सुट्टीत दहा-बाराजणांचे कोंडाळे त्याच्याभोवती बसायचे, आणि आमच्या घरच्या बिरड्यासारखे बिरडे सबंध तालुक्यात नाही, हे तो डब्याचे झाकण उघडताना सांगायचा. त्या आठवड्यात झाकणाखाली तीन दिवस सलग बटाटा निघाला.

"रावजी, बटाट्याचा प्लँट टाकलास काय रे?" भागोजीने विचारले. भागोजी युनियनचा चिटणीस. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावचा, हसला की आधी खांदे हलवायचा.

त्याच शनिवारी चारला मी चार्ट लावला आणि पाहतो तर रावजी घरून परत येऊन फळ्यापुढे उभा. युनियनच्या पॅडवर तो तिघांच्या पाळ्या उतरवून घेत होता. खाली त्याने वार लिहिले, वारांपुढे भाज्या लिहायला लागला. पुढच्या आठवड्यात तो स्वतः दुपारपाळीला, श्रीपत रात्रपाळीला, अनिल सकाळी. सोमवारपुढे त्याने मासळी लिहिली, खोडली. मंगळवारपुढे भाकरी लिहिली, खोडली. दहा मिनिटांनी कागद टरकावून खिशात कोंबला.

"भाऊसाहेब," तो मला म्हणाला, "हे अठ्ठ्याण्णवसारखं चाललंय."

अठ्ठ्याण्णव साली आमच्या कंपनीत रावजीनेच नियमानुसार काम पुकारले होते. संप नाही, घोषणा नाही. सांगितलेले काम करायचे, न सांगितलेले करायचे नाही, डोके घरी ठेवून यायचे. व्हॉल्व्ह उघड म्हटले तर उघडायचा, बंद कर म्हणेपर्यंत बंद करायचा नाही. त्याच्या सगळ्या बैठका उतेकरांच्या ओटीवर झाल्या होत्या, आणि प्रत्येक बैठकीला दाराआडून चहा देणारी रंगूबाई होती.

"तेव्हा किती दिवस चाललं होतं?" मी विचारले.

"सतरा."

"आणि मग?"

"मग कंपनीनं ऐकलं." हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले आपण काय बोललो ते. तो गेटकडे गेला.

एवढे कळल्यावर दुसरा माणूस घरी जाऊन हो म्हणाला असता. रावजी पुढारी होता. तो म्हणाला, बघू कोण दमतं. प्रवेशाला आता नऊ दिवस उरले होते. ऋतिका फॉर्म भरून तयार होती, पण श्रीपत दादाच्या शब्दाबाहेर जाऊन महाडला पाऊल टाकणार नव्हता. ती फॉर्म रोज पिशवीतून काढून पाहायची आणि परत ठेवायची. एकदा मला म्हणाली, "काका, आई काय करतेय ते मला कळत नाय. माझ्यासाठी भांडत पण नाय." भांडण दिवसातून तीन वेळा ताटात वाढले जात होते.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी रावजीने डाव टाकला. येत्या रविवारी युनियनच्या कमिटीची बैठक घरी आणि अकराजणांचे जेवण. त्याला डब्यातली अब्रू परत आणायची होती.

"सांग तिला," तो काशीबाईला मोठ्याने म्हणाला, "रविवारी बिरडं-भात. आता बोल म्हणावं, सांगितलं नाय म्हणून."

रंगूबाई उंबऱ्यात आली. "किती वाल घालू, ते इचारा."

"दोन किलो."

"भिजवू कवा?"

"शनिवारी संध्याकाळी भिजव. सकाळला फुगतात. मटकी नाय भिजवत?"

"शनिवारी संध्याकाळी. नक्की काय, ते इचारा."

"नक्की."

"दादांच्या तोंडूनच ऐकलंत ना, जाऊबाय?"

"ऐकलं," काशीबाई म्हणाली.

ज्याला बिरडे ठाऊक आहे त्याला पुढचे सांगायला नको. कडवे वाल रात्रभर भिजवावे लागतात, मग फडक्यात बांधून दिवसभर ठेवावे लागतात, त्यांना मोड आले की कोमट पाण्यात चिमटीने साल सुटते. रविवारी दुपारचे बिरडे शुक्रवारी सुरू होते. काशीबाईला हे पुरते माहीत होते. ती गप्प राहिली. अठरा वर्षे दोघांच्या मध्ये उभे राहून निरोप पोचवताना तिचेही काही साठले असावे.

रविवारी अकराला कमिटी जमली. चहा झाला, बोनसची चर्चा झाली. बारा वाजता रावजीने आतल्या दिशेला हाक दिली, "काय गो, कितपत आलंय?"

उत्तर काशीबाईकडून आले नाही. रंगूबाई स्वतः ओटीच्या दारात आली. डोक्यावर पदर होता. हातात वालांनी भरलेली परात होती, ती तिने रावजीच्या पुढ्यात ठेवली. आत आणखी दोन होत्या.

"दादा," ती म्हणाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही शनिवारी भिजवा बोललात, शनिवारी भिजवले. दोन किलो बोललात, दोन किलो घातले. मोड आले नायत, म्हणून साल सुटत नाय. नखांनी एकेक सोलाया लागेल. माझे दोन हात. तुमची अकरा माणसं हायत. बसा सोलायला. अक्कल नाय लागत त्याला."

रावजीचे कान लाल झाले. त्याने भागोजीकडे पाहिले. भागोजीचे खांदे हलायला लागले होते.

"रावजी," भागोजी म्हणाला, "बाईनं नोटीस लावली रे." त्याने परात आपल्याकडे ओढली आणि मांडी घालून पहिला वाल उचलला. मग एकेक करून सगळे बसले. मलाही एक ताट मिळाले. युनियनची अख्खी कमिटी उतेकरांच्या ओटीवर वाल सोलत होती, आणि मोड न आलेल्या वालाची साल काय चीज असते ते प्रत्येकाला कळत होते. रावजी सगळ्यात शेवटी बसला.

"वैनी," भागोजीने आत हाक मारली, "भांडण कसलं हाय ते तरी सांगा. फुकटचं सोलत नाय मी."

ती दारातच उभी होती. "पोरीला अकरावीला घालायचं. उद्या शेवटची तारीख. दादा नाय बोलतात. सैपाकाला अक्कल लागत नाय, पोरगी करील बोलतात."

"मागणी एकच?"

"एकच."

"रावजी, एका मागणीला दोन आठवडे? कंपनी बरी तुझ्यापेक्षा."

कोणी हसले, कोणी हसू दाबले. रावजी अर्धा सोललेला वाल बोटांत धरून बसला होता. नखाखाली साल रुतून त्याचा अंगठा हिरवट काळा झाला होता.

"घाला," तो शेवटी म्हणाला.

रंगूबाईने पदर पुढे ओढला आणि मान काशीबाईकडे वळवली. "जाऊबाय, दादांना इचारा, कोणाला घाला? कुठं घाला?"

काशीबाई आतून बाहेर आली. तिने अगदी रोजच्या आवाजात विचारले, "अहो, ती इचारतेय, कोणाला घाला, कुठं घाला?"

"ऋतिकाला. महाडला. अकरावीला."

"कंच्या शाखेला, ते पण इचारा."

"कॉमर्सला," रावजी म्हणाला. "कॉमर्सला घाला. उद्या घाला. श्रीपत जाईल."

जेवण तीन वाजता झाले. बिरडे बरे झाले होते. रावजीने दोनदा भात घेतला, बिरडे एकदाच.

सोमवारी श्रीपतची रजा मी मांडली. तो सकाळच्या पाळीला न जाता पोरीला घेऊन महाडला गेला आणि प्रवेश करून आला.

घरातल्यांना वाटले, संपले. पुढच्या रविवारी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला. ऋतिकाचे अक्षर, रंगूबाईचे डोके. सात वार, दोन वेळा, आणि प्रत्येक वारापुढे आता माणसांची नावेही होती. सोमवारचे दळण अनिल. पालेभाजी निवडणे काशीबाई. कडधान्य भिजत घालणे श्रीपत. घर पूर्वीसारखे सुरळीत चालू लागले, किंबहुना जास्तच. रंगूबाई सकाळी नऊला कामातून मोकळी असायची. ऋतिका सकाळी साडेसहाच्या एसटीला डबा घेऊन जायची. माझ्या डब्यातला बटाटा आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी. कंपनीतल्या दोघा-तिघांनी त्या कागदाची नक्कल उतरवून नेली, त्यांच्या घरीही शिफ्टा होत्या.

रविवारच्या ओळीत लिहिले होते: बिरडे. वाल सोलणे, रावजी.

पहिल्या रविवारी त्याला ती गंमत वाटली. दुसऱ्या रविवारी त्याने काशीबाईकडे पाहिले, ती केस विंचरत राहिली. त्यानंतर तो दर रविवारी सकाळी ओटीवर परात घेऊन बसायचा. रस्ता समोरच होता. येणारे-जाणारे कंपनीचेच. "काय पुढारी, सोलताय?" असे कोणी ना कोणी विचारायचेच, आणि रावजीला उत्तर द्यावे लागायचे. मोड आलेले वाल नीट सुटतात, तासाभराचे काम. पण तास मोठा होता.

दिवाळीनंतर एकदा काशीबाईने जावेपाशी त्याची रदबदली केली. मी डबा घ्यायला उभा होतो.

"रंगू, आता सोड गो त्यांना. मानसं हसतात. चार महिने झाले."

रंगूबाई माझ्या डब्यात भाकरी घालत होती. तिने घडी नीट केली, झाकण लावले.

"दादांना सांगा," ती म्हणाली, "पोरीचा बारावीचा निकाल लागला की बघू."